शोकेसमधली मांजरं आणि माझी बटाट्याची तोफ

३ मार्च, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. ठरलं म्हणजे ठरलं.

दुकानाच्या शोकेसमध्ये पुन्हा मांजरं. तीन. उन्हाच्या पट्ट्यात, नव्या फ्रेम्सच्या मधोमध, घरचंच दुकान असल्यासारखी. लठ्ठी गॉगल्सवर आडवी. सेक्रेटरी, म्हणजे तो गळ्याशी टाय बांधल्यासारखा काळा पट्टा असलेला, आरशासमोर. आणि काणा नंबर तपासायच्या तक्त्याखाली. चष्म्याच्या दुकानात एका डोळ्याचं मांजर. गिऱ्हाइकाला वाटायचं, यानं डोळे इथेच तपासले.

बायकोला म्हणालो, हाकल त्यांना. ती एका आजोबांच्या नाकावर फ्रेम बसवत होती. म्हणाली, तुम्हीच हाकला, तुमचे हात मोकळेच आहेत. मोकळे म्हणजे? मॅनेजमेंटचं काम हातानं करत नाहीत.

धंदा मात्र जोरात. लोक काचेपाशी थांबतात, हसतात, आत येतात. नुकतीच मिशी ठेवली आहे, तिचा परिणाम असणार.

६ मार्च, गुरुवार

मधे लिहिलं नाही. पेन सापडत नव्हतं. लठ्ठीच्या पोटाखाली होतं.

उपाय करून पाहिले. पाणी शिंपडलं. फ्रेम्स भिजल्या, मांजरं कोरडी. लिंबाच्या साली पसरल्या. सेक्रेटरी त्यांवरच झोपला. जोरजोरात टाळ्या वाजवल्या. समोरच्या बेकरीवाल्याला वाटलं मी त्याला बोलावतोय, तो पिठाच्या हातांनी रस्ता ओलांडून आला.

आलाच आहे तर त्याच्याशी चर्चा केली. म्हणाला, त्याचा आतेभाऊ शेतातली डुकरं पळवायला बटाट्याची तोफ उडवतो. पाइपात बटाटा कोंबायचा, मागून हवा, आणि धडाड. आवाजानंच पळतात. वर हसून म्हणाला, पण तुम्ही नका त्या भानगडीत पडू.

मी म्हणालो, बटाट्याची तोफ मला माहीत आहे. नव्हती. पण आता झाली, म्हणजे खोटं बोललो असं नाही.

८ मार्च, शनिवार

तोफ तयार. बाथरूमच्या कामातून उरलेला पाइप, सायकलचा पंप आणि माझी उपजत बुद्धी. परसात स्टुलावर ठेवल्यावर फार रुबाबदार दिसते.

तत्त्व आधीच ठरवलं. नेम नेहमी मोकळ्या जागेवर. मांजराच्या केसालाही धक्का लागता कामा नये. माझा मांजरांना विरोध नाही, फक्त त्यांच्या असण्याला आहे.

सासरे वरच्या खोलीत राहतात. कारखान्यात फोरमन होते. खाली येऊन तोफेभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, जावईबापू, आमच्याकडे कोणी असलं यंत्र आणलं की आम्ही आधी जेवणाची सुट्टी जाहीर करायचो. कौतुक करायची त्यांची पद्धत जरा आडवळणाची आहे.

९ मार्च, रविवार

पहिली चाचणी. बटाटा पाइपातून बाहेर आला, माझ्या चपलेवर पडला. आवाज, प्रामाणिकपणे लिहायचं तर, पुक्. काणा आला, बटाटा हुंगला आणि माझ्या पायाशी बसला. सासरे गॅलरीतून म्हणाले, निघाला तरी.

दोष तोफेचा नाही. बटाटा फार कडक होता.

१२ मार्च, बुधवार

बटाटा मऊ हवा, हे शास्त्रीय निरीक्षण. ओट्यावर संध्याकाळच्या जेवणासाठी उकडलेले बटाटे लोणी लावून ठेवले होतेच. सगळे भरले. पंप मारला.

या वेळी आवाज आला. बटाटा मात्र कुठल्याच एका दिशेला गेला नाही, सगळीकडे गेला. भिंत, परसातला दिवा, वाळत घातलेला सासऱ्यांचा बनियन. मांजरं क्षणभर दचकली. मग लोणी चाटायला लागली. भिंत इतकी स्वच्छ झाली की रंग मूळचा पिवळा आहे हे मला आजच कळलं.

बायकोनं विचारलं, आता जेवायला काय? मी म्हणालो, विज्ञानासाठी थोडी कळ सोसावी लागते. ती म्हणाली, मग विज्ञानच वाढून घ्या. पाव खाल्ला.

१४ मार्च, शुक्रवार

मागच्या गल्लीतली मांजरंही आली आहेत. शत्रू एकवटतो तो घाबरल्यावरच. लक्षण चांगलं आहे.

दुकानात पाय ठेवायला जागा नाही. एक शिक्षिका लठ्ठीला मांडीवर घेऊन बसल्या आणि तिला खाली ठेवायचं जिवावर आलं म्हणून दुसरी फ्रेमही घेऊन गेल्या. मिशीला टोकं काढली आहेत.

रात्री बायको म्हणाली, अहो, लोक मांजरं बघायला येतात हो. येतात आणि चष्मा घेऊन जातात. तुमची ती नळी आता ठेवून द्या. मी हसलो. कारण आणि योगायोग यांतला फरक प्रत्येकाला कळत नाही. ती पुढे म्हणाली, मी किती वर्षं या दुकानात उभी आहे, एकदा तरी माझं ऐका. मी म्हणालो, ऐकतोय ना. झोप कधी लागली कळलं नाही.

१६ मार्च, रविवार

दुकान बंद. रस्ता रिकामा. नवा पंप, कच्चा बटाटा, व्यवस्थित तासलेला. शोकेससमोर फुटपाथवर तोफ मांडली, तोंड आकाशाकडे. मांजरं काचेमागून बघत होती, अगदी पहिल्या रांगेत बसल्यासारखी.

धडाड.

यापेक्षा योग्य शब्द नाही. काचा थरथरल्या. दाराच्या फटीतून मांजरं जी सुटली ती दिसेनाशी झाली, काणासुद्धा. मिशन फत्ते.

एक गोष्ट. स्टूल किंचित कललं. बटाटा आपल्याच पाटीला लागला. दुकानावर टांगलेला मोठा लाकडी चष्मा, त्याची डावी काच फुटली आणि दांडी मोडून खाली आली.

तो चष्मा सासऱ्यांनी केला होता. दुकान उघडलं तेव्हा, रोज कामावरून आल्यावर बसून, स्वतःच्या हातांनी. ते खाली आले. तुकडे गोळा केले, बनियनच्या झोळीत घेतले आणि वर गेले. नेहमीसारखं काही आडवळणाचं बोलले असते तर बरं झालं असतं.

बायको दारात उभी होती. तिनं झाडू आणला आणि फुटपाथवर उरलेली काच झाडून काढली.

१९ मार्च, बुधवार

शोकेस स्वच्छ. एक केस नाही. फ्रेम्स कशा ओळीत. मनाला शांतता.

गिऱ्हाईक नाही. महिन्याचा शेवट जवळ आला की असं होतं. एक माणूस आत डोकावला, शोकेसकडे पाहिलं, सॉरी म्हणून गेला. मिशी काढली. उकाडा वाढला आहे.

२२ मार्च, शनिवार

मांजरं बेकरीत आहेत. काचेमागच्या रुंद फळीवर, उशी घालून. बेकरीवाल्यानं मधे जाळी लावून घेतली, पावाचं पावाकडे, मांजरांचं मांजरांकडे. बाहेर रांग. ती शिक्षिकाही रांगेत.

गेलो. म्हणालो, हे बरं नाही, मांजरं माझी आहेत. तो म्हणाला, दादा, मी बोलावली नाहीत, तुम्ही पाठवलीत. तुमची असतील तर न्या, मी कशाला अडवू.

मासळी आणली. फुटपाथवर बसून हाका मारल्या. लठ्ठी आली, मासळी खाल्ली, तोंड पुसलं आणि परत गेली. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघितलं. शिस्त माझ्याकडेच शिकली.

२६ मार्च, बुधवार

सकाळी बायकोनं आरसा, नंबरचा जुना तक्ता, उंच स्टूल आणि फ्रेम्सचे दोन ट्रे उचलले. कुठे म्हणून विचारलं. म्हणाली, बेकरीच्या कोपऱ्यातल्या टेबलावर, बोलणं झालंय, गिऱ्हाईक असेल तिथे आपण. संध्याकाळी ट्रे रिकामे आणले.

धंद्याची शाखा काढायची हा विचार माझ्या मनात पूर्वीपासून होता. तिनं तो अमलात आणला इतकंच. तिला तसं सांगितलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, एखाद्याचा नंबर किती असेल याचा अंदाज घेतात तसं.

२९ मार्च, शनिवार

सासऱ्यांनी लाकडी चष्मा दुरुस्त केला. सांधा दिसतही नाही. मी शिडी घेऊन आलो, खिळाही ठोकून ठेवला. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणाले, राहू द्या जावईबापू. चष्मा खांद्यावर घेतला आणि रस्ता ओलांडला. बेकरीच्या दारावर तो फार छान दिसतो. इथून अगदी स्पष्ट दिसतो.

३१ मार्च, सोमवार

दुकानात दिवसभर मी एकटा. फ्रेम्स पुसल्या. सगळ्या.

संध्याकाळी एक बाई आल्या, सोबत त्यांची म्हातारी आई. मी उठून खुर्ची पुढे केली, दिवा लावला, तक्ता सरळ केला. बाई म्हणाल्या, मांजरं असलेलं चष्म्याचं दुकान कुठे आहे हो, तिथल्या बाई फार छान तपासतात म्हणे.

मी बाहेर येऊन बोटानं दाखवलं. म्हातारीला रस्ता ओलांडायला हात दिला. दारापर्यंत सोडलं. त्या दोनदा थँक्यू म्हणाल्या.

पत्ता मी फार नीट सांगतो.