तेवढं वाक्य मागे घे

नंदुरबार
१९ नोव्हेंबर २०२४

चि. पारस,

जय जिनेंद्र. तुझी तब्येत बरी असेल, गोळ्या वेळेवर चालू असतील. शहाद्याचं दुकान आमची आयुषी बघते आहे, गिऱ्हाइकांशी माझ्यापेक्षा गोड बोलते. थंडी पडायला लागली आहे.

हे फोनवरही सांगता आलं असतं, म्हणशील. पण तुझी जीजी इथे दवाखान्यात, शेजारच्या खाटेवर आहे आणि तुला काही कळवायचं नाही अशी तिने मला शपथ घातली आहे. म्हणून आमच्या मयंकच्या हाती नवापूरला ही चिठ्ठी पाठवतोय.

तिच्या किडनीवर चरबीची गाठ होती. साधी आहे, कॅन्सर नाही, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा आम्ही गल्लीत पेढे वाटले आणि दरवर्षी तपासायचं राहूनच गेलं. काल ती फुटली. पोटात रक्त साचतंय. बाटल्या चढवतायत, पुरत नाहीत.

डॉक्टर म्हणतात, सुरतेला न्या. तिथे मांडीतून बारीक नळी घालून रक्ताची नस आतून बंद करतात. जमलं तर किडनी वाचते. नाही जमलं तर पोट उघडून गाठ काढतील, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर जीव वाचवायला अख्खी किडनी. ज्याला दोन असतात त्याचं एवढं अडत नाही. तुझ्या जीजीला एकच आहे. दुसरी कुठे आहे, ते तुला सांगायला नको.

ती सही करत नाही. किडनी काढणार नाही असं लिहून द्या, मगच सुरत, म्हणते. असं कोण लिहून देईल? मी हात जोडले, ओरडलो. तिचं एकच, "पारसना हाल मी दखेल शेतस. माले मशीन नको." डायलिसिसवरून आलास की तू म्हणायचास ना, यापेक्षा मेलेलं बरं? ते ऐकूनच तिने तुला, धाकट्या भावाला, किडनी दिली. आता तेच मला ऐकवते.

तू इथे येऊ नकोस, दवाखान्यातलं इन्फेक्शन तुला सोसायचं नाही. फक्त चिठ्ठी वाचलीस की तिला फोन लाव. सांग, मशीनवरही बरे दिवस होते, भूक लागायची, झोप यायची, ते मेलेलं बरं तू रागात बोललास.

तू खरं तेच बोलला होतास. तुला स्टेशनवरून आणायला मीच यायचो, मी पाहिलंय. तरी खोटं बोल, पारस. मला ती मशीनवरसुद्धा हवी आहे.

तुझ्या फोनकडे डोळे लावून बसलेला,
तुझा जीजाजी
उमेदमल