तुझ्या पाकिटातली गोळी

ती. आईस, प्रज्वलचा चिखलोलीहून नमस्कार.

सोमवारी कंपनीत छाती आवळली आणि सगळंच बदललं. आता बरा आहे, घाबरू नकोस. आधी धडधडायचं तेव्हा पोरं चिडवायची, "पॅकिंगमधली शलाका दिसली वाटतं!" मलाही ते प्रेमच वाटायचं.

डॉक्टरांना तू तुझ्या पाकिटातून दिलेली, डोकं दुखलं की मी घ्यायचो ती अर्धशिशीची गोळी दाखवली. म्हणाले, "ही नसा आवळते, कधी हृदयाच्याही. बीपीवाल्यांना जास्त धोका."

आई, तुला बीपी आहे! फोनवर सांगितलं तर म्हणालीस, "कॉलेज सोडलं नि डॉक्टर झाला!" रागाने मीच फोन कापला. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती गोळी घेऊ नकोस गं. तुझ्या छातीत दुखतं का? खरं सांग.

तुझा प्रज्वल

ता.क. पत्र गावी निघालेल्या महेशदादाजवळ देणार होतो, पण राहवत नाही. मीच घेऊन येतोय. दार ओढून निघतोच आता.