फडकं कोंबलेला डबा

प्रणिताचे पप्पा,

तुमचा फोन कंपनीच्या गेटवर जमा, म्हणून लिहून ठेवते. आबा पोरीला पोहायला शिकवायला वरच्या तळ्यावर घेऊन गेलेत. शिमगा झाला, वरचं पाणी कोमट लागतं, पण कमरेखाली अजून बर्फ हाय. काल आबांचेच पाय आखडले. मी नको म्हटलं, तर दोघांनी हसण्यावारी नेलं.

हौसाकाकूंनी जाताना बघितलं. पोरीला तरंगायला पाठीला बांधायचा डबा नेलाय, बुचाच्या जागी फडकं कोंबून! पाण्यात ते कितीसं टिकणार?

मी पळतेय. तुम्ही आलात की बूटसुद्धा काढू नका, गाडी तशीच तळ्याकडे वळवा.

आबांवर ओरडू नका. बूच माझ्या मुठीत हाय. ती दोघं जाऊ नयेत म्हणून सकाळी मीच लपवलं होतं.

— नमिता