होडीवरचं पांघरूण

आये, यंदा होडीवर घालायची ताडपत्री मी आणली. तू असतीस तर आधी विचारलं असतंस की धसईला नांदणाऱ्या पोरीनं माहेरच्या होडीत नाक कशाला खुपसावं. खुपसावं लागलं. गेल्या पावसाळ्यात दादानं होडीची फार काळजी घेतली, आणि त्या काळजीनंच ती कुजली. तुझ्यासारखीच त्यानं ती धरणाच्या काठावर दगडांवर पालथी घातली, पण वर जाड प्लास्टिक टाकलं आणि थेंबही आत जाऊ नये म्हणून चारही बाजूंनी जमिनीपर्यंत ओढून कडेला दगड रचले. वरून थेंब गेला नाही, ते खरं. पण जमिनीतली ओल वर आली आणि तिला बाहेर पडायला वाटच नव्हती. दसऱ्याला उघडली तेव्हा आतून कुबट वास आला आणि तळाच्या फळीत वहिनीचा अंगठा रुतला. होडी आता वहिनीच वल्हवते, तुझ्यासारखीच पाण्याला शिव्या देत. फळी बदलेपर्यंत दिवाळी उलटली. तोवर अख्खा पाडा दवाखान्याला, बाजाराला, शाळेला जंगलातून वळसा घालून डांबरी सडक गाठत होता. खर्डीचा सुतार जाताना म्हणाला, "परत असं झालं तर माझ्याकडं आणू नका, चुलीकडं न्या."

तुझं बरं होतं. तू बांबूच्या कांब्या वाकवून होडीवर कमान करायचीस, तिच्यावर इरल्यासारखं विणलेलं पळसाच्या पानांचं छप्पर, आणि दोन्ही टोकं मोकळी. मी लहानपणी एकदा ती टोकं गोणपाटानं बुजवायला गेले, तर हातावर चापट बसली होती. "होडी काय पापड हाय का गो, डब्यात दडपून ठेवायला? तिलाबी दम लागतो." आता पानं विणणारं पाड्यावर कुणी उरलं नाही. वहिनीनं सरळ हात टेकले. "मला नाय जमत, ताई. बाजारात काय मिलतं ते तुमीच बघा."

म्हणून मुरबाडला गेले. दुकानदारानं विचारलं, "भातावर घालायची का टेम्पोवर?" मी म्हटलं, होडीवर. तो हसायलाच लागला. "मुरबाडला समुद्र कधी आला, ताई?" पण माणूस चांगला होता. निळी ताडपत्री त्यानं स्वतःच बाजूला सारली, ही एका उन्हाळ्यात चिरते म्हणाला. मग काळं, जाड प्लास्टिक काढलं, फाटता फाटणार नाही असं. शेवटी मेण चढवलेलं सुती कापड, खाकी, कडांना पितळेच्या कड्या. त्याचा खोलगा करून त्यानं बाटलीतलं पाणी ओतलं आणि खालून माझा हात लावायला लावला. हात कोरडा. मी दोन्ही कापडं आळीपाळीनं तोंडाला लावून फुंकून बघितली. तू लुगडं घेतानासुद्धा तसंच करायचीस आणि मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. खाकी कापडातून थोडी ऊब पलीकडच्या हाताला लागली. काळ्या प्लास्टिकनं माझा श्वास जसाच्या तसा माझ्याच तोंडावर परत फेकला, आणि मी ते हातातून टाकलं.

तो दिवस आठवला. श्रावणातला पाऊस, तुझी छाती घरघरतेय, आणि दादा होडी सरळ करून पाण्यात लोटायला निघालाय. तू अंथरुणातून त्याला अडवतेस. "वारा हाय. एका म्हातारीपायी चौघांना बुडवू नको." मग घोंगडीची झोळी, बांबू, चार खांदे, आणि वरून कुणीतरी टाकलेलं प्लास्टिक. मी झोळीला धरून चालतेय. ओढा ओलांडल्यावर आतून तुझा आवाज येतो, "तोंडावरचं काढ गो. दम कोंडतो." भिजशील ना आये, मी म्हणते. "भिजू दे." मी काढते. पाऊस तुझ्या तोंडावर पडतो, तू ओठ थोडे उघडतेस, आणि मला वाटतं, बरं वाटतंय तुला. सडकेवर जीप उभी होती. तिथवर पोचलो तेव्हा तू नव्हतीस. रडायला आलेल्या मावशीनं सगळ्यांसमोर विचारलं, "छाती भरलेल्या बाईला पावसात उघडी कुणी केली?" मी खाली मान घालून तुझे ओले केस पुसत राहिले. ते वाक्य मी सासरी घेऊन आले आणि इतकी वर्षं त्याच्यासोबत संसार केला.

खाकी कापड मी घेतलं. पुढच्या आठवड्यात एसटीनं शहापूर, तिथून खर्डी, मग रिक्षा असं करत ते पाड्यावर नेईन. दादाला कांब्या तोडून ठेवायला सांगितलंय आणि टोकं बुजवायची नाहीत हेही बजावलंय. तो कुरकुरला. वहिनी मागून म्हणाली, "ताई सांगतात तसं करा ना गप." होडी या पावसाळ्यात तगेल असं वाटतं.

हे पत्र तुला पोचायचं नाही आणि दादाला मी दाखवायची नाही, म्हणून एक सांगते. काल दुपारी घरात कुणी नव्हतं. दाराला कडी लावली आणि जमिनीवर आडवी झाले. आधी ते खाकी कापड डोक्यावरून घेतलं. अंधार होता, मेणाचा वास होता, पण श्वास चालत होता. मग भातावर घालायचं आमचं प्लास्टिक घेतलं आणि कडा अंगाखाली दाबून पडून राहिले. मनात तुझी वाट मोजत होते, पाड्यापासून ओढ्यापर्यंत. ओढा यायच्या आतच मी ते तोंडावरून ओरबाडून काढलं.

आये, दम खरंच कोंडतो.