उभ्या गाडीची थरथर

बाबा,

गाडी नीट झाली. बातमी एवढीच आहे, पण ती ज्याला सांगावी असं आता घरात कोणी नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही गेलात त्याला वीस वर्षं होत आली. तुम्ही एसटी डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर झाल्यावर आपण दोघं परभणीला जाऊन जी जुनी पांढरी गाडी घेऊन आलो होतो, ती अजून हिंगोलीच्या घराच्या अंगणात उभी असते. हे गेल्यापासून मी एकटीच ती चालवते. पण दिवाळीनंतर तिला एक खोड लागली. रस्त्यावर धावताना काही नाही, उभी राहिली की थरथर. स्टिअरिंग हिवताप भरल्यासारखं कापायचं आणि इंजिन दोन आचके देऊन बंद. औंढ्याकडून येताना फाटकाशी दोनदा बंद पडली. मागचा ट्रॅक्टरवाला ओरडला, "मावशे, ढकलू का गाडी?" त्याने खरंच उतरून ढकलली. मी मान वर करून त्याचे आभारसुद्धा मानले नाहीत, इतकी ओशाळले होते.

गावातल्या मेकॅनिकने बॉनेट उघडून रेसचा स्क्रू पिळला. गाडी मोठ्याने गुरगुरायला लागली. "मॅडम, आता हिचं वय झालं. अशीच चालवा नाहीतर काढून टाका," म्हणाला. आठ दिवसांत पुन्हा तेच. लेकाला बंगळूरला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "आई, रविवारी एक माणूस पाठवतो, तो बघून घेऊन जाईल. रिक्षा आहेत ना गावात." मी विचारलं, "रविवारपर्यंत मी नीट केली तर?" तो हसला. चांगल्या मनाने हसला, पण हसला. मग म्हणाला, "नीट झाली तर राहू दे बाई. शब्द." त्या दिवशी बुधवार होता.

फोन ठेवला आणि मला डॉक्टरांची ती काळी गाडी आठवली. मी नांदेडच्या मिशन होस्टेलमधून सुट्टीला आलेली, चौदा-पंधरा वर्षांची, दोन वेण्या, सिस्टरांनी शिकवलेलं ताठ बसणं अंगात मुरलेलं. गावातले डॉक्टर तुमच्या सुट्टीच्या दिवशी गाडी दुरुस्तीला आपल्या दारात लावून जायचे. तुम्ही पाणी प्यायला आत गेलात आणि मी तुमचा पेचकस उचलून तोच रेसचा स्क्रू दीड आटा पिळला. थरथर थांबली, इंजिन गर्जायला लागलं. मी म्हटलं, "बाबा, झाली!" तुम्ही बाहेर आलात, किल्ली फिरवून गाडी बंद केलीत आणि माझ्याकडे पाहिलंत. "लेकरू पोटदुखीनं रडून राहिलं, तर त्याच्यापुढं ढोल वाजवशील काय? रडणं ऐकू येत न्हाई म्हणून ते बरं झालं का?" मग म्हणालात, "किती आटे फिरवले?" मी सांगितलं. "तितकेच मागं फिरव." मी रडत रडत मागे फिरवले. तुम्ही रागावला नव्हतात, हे मला फार उशिरा कळलं. तुमच्या हाताखालच्या पोरांनाही तुम्ही हेच म्हणायचात: आधी आपली चूक जागेवर नेऊन ठेवायची, मग दुसऱ्याची शोधायची.

तर गुरुवारी सकाळी मी बांगड्या काढल्या, पदर कमरेला घट्ट खोचला आणि मेकॅनिकने पिळलेला स्क्रू आधी मागे घेतला. गाडी लगेच आचके द्यायला लागली. बरं वाटलं मला. निदान खरं बोलायला लागली. मग तुमचीच रीत. रबराची मूठ असलेल्या पकडीने प्लगची एकेक वायर काढायची आणि ऐकायचं. वायर काढूनही आवाज बदलला नाही तर तो सिलिंडर आधीच मेलेला. तिन्ही सिलिंडरांच्या वेळी आवाज पडला, म्हणजे तिघेही कामावर होते. प्लग काढून ब्रशने घासले, गॅप बघितली, परत लावले. थरथर तशीच. शुक्रवारी कार्बोरेटर खोलला, आणि तो ठेवायला भांडं शोधताना स्वयंपाकघरात मला तुम्हीच दिसलात, गाडी आणली त्या वर्षीचे.

तुम्ही भिंतीला टेकून फरशीवर बसलेले आहात, पुढे पेपर, पेपरवर आईची पितळी परात, परातीत रॉकेल आणि आपल्या नव्या-जुन्या गाडीचा कार्बोरेटर. आई भाकरी थापता थापता म्हणते आहे, "त्या परातीत मी उद्या कणीक मळणार न्हाई. सांगून ठेवते." तुम्ही म्हणता, "मग नवी आण. हिच्यात आता गाडीच शिजू दे." मी शेजारी बसून गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक तुम्हाला मराठीत वाचून दाखवते आहे. मी तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवत होते, लेक माझ्या मांडीवर झोपलेला. पुस्तकात 'व्हॅक्यूम लीक' असं लिहिलं होतं त्याचं मी भाषांतर केलं, "पोकळी गळत असल्यास तपासा." तुम्ही परातीतून मान वर केलीत. "पोकळी कशी गळंल, माय? इंजिन कुठून तरी चोरून हवा पिऊन राहिलं, असं लिही तिथं." मी पेन्सिलने समासात ते लिहिलं. पुस्तक अजून आहे. अक्षर माझं, वाक्य तुमचं. शुक्रवारी ते वाचलं आणि कळलं की मी दोन दिवस पेट्रोलच्या आणि ठिणगीच्या मागे होते, हवेकडे बघितलंच नव्हतं.

शनिवारी कार्बोरेटर परत जागेवर बसवून मी परसातल्या पपईचं एक लांब देठ कापलं. तुम्ही आतून पोकळ असलेलं हे देठ कानाला लावून इंजिन ऐकायचात, डॉक्टर हसायचे तरी. गाडी चालू केली, देठाचं एक टोक कानाशी, दुसरं एकेका नळीपाशी. शेजारच्या काकू भिंतीवरून बघत होत्या. "मॅडम, पपईचं देठ कानाला लावून काहून उभ्या हो?"

"गाडीचं ऐकून राहिले, काकू."

"काय म्हणती मग?"

"हळू बोलते. तुम्ही जरा गप्प बसा."

"बसते माय. माझं तर घरात कोणी तेवढंबी ऐकत न्हाई."

आणि मग ऐकू आलं. कार्बोरेटरच्या खाली, मागच्या बाजूला, बोटाएवढी एक रबरी नळी जिथे बसते तिथे सापासारखी बारीक फुसफुस. नळीचं टोक वाळून चिरलेलं होतं. चिरेवर बोट दाबलं आणि बाबा, गाडी शांत झाली. बोट काढलं की आचके, दाबलं की शांत. मी पाच-सहा वेळा तसं केलं. गरज एकदाच होती. मग इंजिन बंद करून, निवू देऊन, चिरलेलं टोक ब्लेडने कापलं, नळी पुढे सरकवून बसवली, क्लिप आवळली. एवढंच. रेसचा स्क्रू जेमतेम पाव आटा लागला. बॉनेटवर पाण्याने भरलेला पेला ठेवला, तर पाण्यावर नुसती बारीक लहर. काकूंनी भिंतीपलीकडून टाळ्या वाजवल्या. हात काळे होते म्हणून डोळे दंडाला पुसले. लेकाला फोन केला, तो मीटिंगमध्ये होता. "वा, आई! रात्री बोलतो," म्हणाला. पण त्या माणसाला नको येऊ म्हणून सांगायचं दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही.

रविवारी तो आला. जवळा बाजार गावचा, पन्नाशीचा, बोलका. गाडी चालू करून कान देऊन उभा राहिला. "मॅडम, ही तर मस्त चालून राहिली. विकता काहून?" मी त्याला बसायला सांगितलं. चहा केला. त्याने लेकीच्या लग्नाचं सांगितलं, सोयाबीनचं सांगितलं, त्याच्या म्हातारीच्या गुडघ्यांचं सांगितलं. मी पुन्हा चहा टाकला. शेवटी तो म्हणाला, "मग काय करायचं, मॅडम?" मी म्हटलं, "नाही विकायची. माफ करा, तुम्हाला खेटा पडला." तो भला माणूस होता, हसून गेला.

लेकाला मी सांगितलं की माणूस आला, गाडी बघितली आणि मी नाही म्हटलं. हे खरं आहे. हा कागद कुठे टाकायचा नाही, म्हणून उरलेलं फक्त तुम्हाला सांगते. गाडी विकायची नाही, हे मला तो दारात चपला काढत होता तेव्हाच सांगता आलं असतं. मी दीड तास त्याच्याशी खोटाच भाव करत बसले, तो उठून जाऊ नये म्हणून.