पाचवा काटा

नांदेड,
रविवार, ८ डिसेंबर २०२४

ती. अंबरीशमामांस,
भार्गवीचा शि. सा. न. वि. वि.

पाकीट पाहून दचकू नका, इकडे सगळे खुशाल आहेत. फोनवर बोलले की आई स्वयंपाकघरातून ऐकते आणि जेवताना बाबांसमोर माझी सुनावणी होते, म्हणून आपली जुनी पत्रांची सवय.

आमच्या कॉलेजच्या टीमने बांधलेली एटीव्ही, ती खडबडीत रानात पळणारी चारचाकी, तुम्ही दिवाळीत पाहिलीत. मनस्विनीमामी तिला दरवाजे विसरलेली गाडी म्हणाल्या होत्या. जानेवारीच्या शेवटी कॉलेजांची शर्यत आहे. दगड, चिखल, खड्डे आणि सलग चार तास. मागच्या वर्षी दुसऱ्याच तासाला टायर बसला आणि आम्ही बाहेर पडलो. तेव्हा मी जॅक धरून उभी होते. या वर्षी चालक दोन ठरले, आमचा कॅप्टन राघवेंद्र आणि मी. शेवटचे दोन तास माझे.

आता ते दोन तास जातील असं दिसतंय. मुदखेडच्या रस्त्याला किशनराव म्हणून एक शेतकरी आहेत, त्यांच्या पडीक रानात आम्ही दर रविवारी सराव करतो. सकाळी सगळ्यांच्या आधी मी पोचते, गुरं शिरू नयेत म्हणून रानाच्या तोंडाशी लावलेली काटी ओढून बाजूला करते, चुन्याने वळणं आखते, मग गाडी येते. राघवेंद्र पहिला तास चालवतो, नंतर मी. तीन रविवार झाले, तिन्ही वेळा टायर माझ्या हातात बसला. त्याच्या हातात एकदाही नाही. कडेला वेड्या बाभळी आहेत, मी वळणावर त्यांच्यात शिरते असं सगळ्यांचं म्हणणं आहे. टीममधल्या वैजनाथने तर टायरमधून निघालेले काटे गोळ्यांच्या जुन्या डबीत जमवले आहेत आणि वर चिठ्ठी चिकटवली आहे, भार्गवीची कमाई.

एकोणतीस तारखेला तीन तासांची चाचणी आहे. त्यात माझ्या हातून पंक्चर झालं तर शर्यतीत चारही तास राघवेंद्र चालवणार. जाड टायर घ्यायची आमची ऐपत नाही, आहेत तेच वाचवायचे आहेत. मामा, तुम्ही फिजिक्स शिकवता, मला खरं सांगा. दोष टायरचा आहे की माझा?

मामींना नमस्कार. माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नका.

तुमची,
भार्गवी

&nbsp;

लातूर,
बुधवार, ११ डिसेंबर २०२४

चि. भार्गवीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मामीने आधी वाचलं आणि मग मला दिलं, हा या घरातला नियम तुला माहीत आहेच. गाडीला दरवाजे लावले का, एवढंच तिने विचारलंय.

तू खरं सांग म्हणालीस, म्हणून जपून लिहितो. हवा सकाळी, ऊन चढायच्या आत, टायर थंड असताना मोजायची आणि रोज त्याच वेळी. तापलेल्या टायरमध्ये आकडा वाढलेला दिसतो, कुणीतरी हवा सोडतं आणि मग दगडावर आपटून रिम ट्यूबला चिमटा काढते. तुमच्या गाडीला हवा अगदी कमी लागते, तेवढ्या कमी हवेत पंक्चरवाल्याचा गेज भरवशाचा नसतो. प्रयोगशाळेत बारीक मापाचा मिळाला तर तो घे.

दुसरं, तुझ्या हातांबद्दल. तीनदा तुझ्याकडेच पंक्चर झालं म्हणजे काहीतरी कारण असणारच. वळणावर घाई होते का? मागच्या वर्षीचं काही मनात धरून गाडी जास्त पळवतेस का? हा रविवार हळू चालवून बघ. कडेपासून हातभर आत राहा.

आणि ती डबी टाकू देऊ नकोस. प्रत्येक काटा कागदाला चिकटव, खाली तारीख, चाक आणि चालक लिही, आणि मला पाठव. पुराव्याशिवाय बोलायची मला भीती वाटते, आणि वर मी नेमकं तेच केलंय असं पत्र मिटताना वाटून राहिलंय.

सरोजिनीताईला यातलं काही कळवत नाही, नाहीतर जेवताना तुझी सुनावणी व्हायची. तब्येतीला जप.

तुझा,
अंबरीशमामा

&nbsp;

नांदेड,
रविवार, १५ डिसेंबर २०२४

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

हळू चालवली. इतकी हळू, की वैजनाथने मागून ओरडून विचारलं, शेतात पेरणी चालू आहे का. कडेपासून हातभर नाही, दोन हात आत राहिले. हवा सकाळी सात वाजता, निघण्याआधी वर्कशॉपमध्येच लॅबच्या गेजने मोजली होती, चारही चाकं बरोबर. माझी पाळी सुरू होऊन वीस मिनिटं झाली आणि पुढचं डावं चाक बसलं.

राघवेंद्र ओरडला असता तर बरं झालं असतं. तो समजुतीने म्हणाला की भार्गवी, प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट जमलीच पाहिजे असं नाही, तू टायरचं खातं सांभाळ, ते तुला छान येतं. मी मान हलवली आणि चाक खोलायला घेतलं. मामा, तुमचं पत्रही मला थोडं त्याच्यासारखंच वाटलं. वाईट वाटून घेऊ नका, वाटलं ते लिहिलं.

पण मी सोडणार नाही. दोष माझा असेल तर तो नक्की कुठे आहे ते मला दिसलं पाहिजे. सोबत चार काटे कागदाच्या चार पट्ट्यांवर चिकटवून पाठवते आहे. चालकाच्या जागी चारही वेळा माझंच नाव लिहावं लागलं. डबी वैजनाथकडून हट्टाने घेतली. तो म्हणाला, घे, तुझीच आहे.

माया असू द्या, या आठवड्यात जरा जास्त.

भार्गवी

&nbsp;

लातूर,
गुरुवार, १९ डिसेंबर २०२४

चि. भार्गवीस,
अनेक आशीर्वाद.

आधी माफी मागतो. माझ्या वहीत अकरा तारखेच्या पानावर तुला काय लिहिलं त्याचा सारांश आहे. तो परत वाचला आणि स्वतःला विचारलं, हेच पत्र राघवेंद्रने लिहिलं असतं तर मी काय विचारलं असतं? मी टायरबद्दल विचारलं असतं. हातांबद्दल विचारलं नसतं. इतकी वर्षं वर्गात मुलींना शिकवतो आणि माझ्या पेनातून हे निघालं. तू लिहिलंस ते बरोबर आहे.

आता कामाचं. औसा रोडवर वीरण्णाचं पंक्चरचं दुकान आहे. मूळचा निलंग्याकडचा, बैलगाडीच्या टायरपासून ट्रकपर्यंत सगळं करतो. तुझ्या पट्ट्या त्याच्यापुढे ठेवल्या. त्याने चष्मा पुसला, चारही काटे नखावर घासून पाहिले आणि मलाच विचारलं की सर, तुमची पोरगी गाडी चालवते का सरपण तोडते? मग म्हणाला की हे वेड्या बाभळीचे न्हाईत, गावठी बाभळीचे हायत. लांब, पांढरे, आणि पार वाळलेले. हे झाडावरून पडलेले न्हाईत, तोडलेल्या फांदीचे हायत.

मी विचारलं की इतक्या हळू चालवूनही तिच्याच पाळीला कसं. त्यावर तो हसला. म्हणाला, काटा घुसला की टायर लगेच बसत न्हाई सर. काटाच बूच होऊन बसतो, गाडी हालत राहते, हवा तासाभरानं उतरते. बसला त्याच्या हातात, पण घुसला कवा ते बघा.

म्हणून माझे दोन प्रश्न आहेत. त्या रानात गावठी बाभूळ कुठे आहे? आणि राघवेंद्रची पाळी सुरू होण्याआधी गाडी कुठून कुठे जाते?

वीरण्णाने दोन उपाय दिले, बिनखर्चाचे. ट्रकच्या फुटक्या ट्यूबची पट्टी कापून टायर आणि ट्यूबच्या मध्ये घालायची. पट्टीच्या कडा घासून पातळ करायच्या, नाहीतर तीच ट्यूब कापते, आणि वर टाल्कम पावडर. दुसरा मला फार आवडला. पंक्चर काढल्यावर नुसतं बोटांनी चाचपू नका, बोटाला घट्टे असतात. कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवा. काट्याचं टोक राहिलं असेल तिथे तंतू अडकतात. चारही चाकांना पुरतील एवढ्या ट्यूबच्या पट्ट्या आजच्या नांदेड बसने पाठवतो आहे. कापूस मात्र तुमच्याकडेच चांगला.

मामी म्हणते, चाचणीच्या दिवशी पोटभर खाऊन जा.

तुझा,
अंबरीशमामा

&nbsp;

नांदेड,
रविवार, २२ डिसेंबर २०२४

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

सापडलं. आणि सापडल्यापासून जेवण जात नाही.

आज गाडी यायच्या आधी सगळं रान पायी फिरले. कडेला फक्त वेड्या बाभळी. गावठी बाभूळ एकही नाही. परत तोंडाशी आले, काटी ओढायला हात घातला आणि तशीच थांबले. मामा, ती काटी गावठी बाभळीची आहे. किशनरावांनी ओढ्याकाठून तोडून आणलेल्या फांद्या, रान बंद करायला आडव्या टाकलेल्या, वाळून पांढऱ्या झालेल्या. दर रविवारी मी त्या ओढून बाजूला करते आणि ओढताना काटे वाटेवर झडतात. पाठोपाठ गाडी त्यावरून आत येते. राघवेंद्रच्या पाळीत तासभर काटा आत बसून राहतो आणि माझ्या हातात हवा उतरते.

मी चालवण्यात चुकत नव्हते. मी लवकर येण्यात चुकत होते. चारही काटे माझेच आहेत, फक्त वेगळ्या कारणाने.

आज सराव थांबवला नाही. गाडी येण्याआधी ओलं गोणपाट त्या वाटेवर चारदा ओढलं आणि उलटं करून पाहिलं. बावीस काटे. ते झटकून लांब फेकले. आज एकही पंक्चर झालं नाही. सगळ्यांना वाटलं, योगायोग.

मग किशनरावांकडे गेले आणि काटी काढता का म्हणून विचारलं. ते म्हणाले की पोरी, काटी न्हाई लावली तर शेजाऱ्याच्या म्हशी इथनं पलीकडच्या हरभऱ्यात शिरतेत, म्हशी काय तुझ्यावानी थांबून चाकं बघत न्हाईत. मी म्हटलं, मग दुसरं काही लावू. त्यावर शिवकांताकाकू आतून बोलल्या की ती मोडकी लोखंडी खाट गोठ्यामागं दोन वर्षं पडून हाय, ती लावा ना, तेवढीच माझी जागा मोकळी होईल. किशनराव म्हणाले, तिच्यावर माझा बाप निजत होता. काकू म्हणाल्या, मग आता राखण करू द्या तिला. खाट लागली. चाचणीसाठी काकूंनी घरचा कापूसही पिशवीभर दिला.

राहिलं टीमला सांगायचं. सांगितलं नाही तरी पंक्चरं थांबतील आणि मी जिंकेन. सांगितलं तर म्हणतील, बघा, शेवटी चूक भार्गवीचीच. दोन तास खोलीत बसून हाच विचार केला. उद्या सांगणार आहे. डबी घेऊनच जाणार आहे.

भार्गवी

&nbsp;

लातूर,
मंगळवार, २४ डिसेंबर २०२४

चि. भार्गवीस,
आशीर्वाद.

हे पत्र पोचेल तोवर तू बोलून मोकळी झालेली असशील, म्हणून सल्ला देत नाही. तसाही माझा पहिला सल्ला कसा होता ते आपण दोघांनी पाहिलं आहे.

वीरण्णाला खाटेची गोष्ट सांगितली. हातातलं चाक खाली ठेवून तो हसला. म्हणाला, त्या पोरीला म्हणावं, सुट्टीत दुकानात ये, गल्ल्यावर बसवतो.

रविवारी मी दिवसभर घरीच आहे. फोन केलास तरी चालेल, आईने ऐकलं तरी चालेल.

तुझा,
मामा

&nbsp;

नांदेड,
सोमवार, ३० डिसेंबर २०२४

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

फोन केला नाही, कारण सोबत एक गोष्ट पाठवायची होती.

तेवीस तारखेला सांगितलं. वर्कशॉपमध्ये सगळ्यांसमोर काट्यांची रिकामी डबी, गोणपाट आणि काटीची एक फांदी टेबलावर ठेवली. मग एकजण म्हणालाच की म्हणजे फिरून तुझ्यामुळेच ना. मी हो म्हणाले. राघवेंद्रने फांदी उचलली, काटा अंगठ्याला टोचून पाहिला आणि म्हणाला की गाडी तर दर रविवारी मी आत आणत होतो, मला कसं दिसलं नाही. नंतर तो म्हणाला, चाचणी रद्द करू, तू चालव. मी नको म्हटलं. अट ठरल्याप्रमाणे राहू द्या आणि तिन्ही तास मीच चालवते, पहिल्या मिनिटापासून, म्हणजे कुणाच्या तासातला काटा कुणाच्या नावावर जायला नको.

काल आईला सांगून गेले. तिने डबा दिला आणि तुमचा काय संबंध ते विचारलं. मी सांगितलं. आता तुमची सुनावणी.

चारही टायरमध्ये वीरण्णांनी सांगितल्याप्रमाणे पट्ट्या घातल्या, कडा घासून, पावडर लावून. सातला हवा मोजली. वाट वैजनाथने झाडली आणि गोणपाटही त्यानेच ओढलं, मी सांगितलं नव्हतं. खाट बाजूला सरकवली आणि गाडी आत आली.

हळू नाही चालवली मामा. पहिला तास मान ताठ होती, पुढचं डावं चाक बसतंय असं दर वळणावर वाटायचं. दुसऱ्या तासात ते वाटणं गेलं. तिसऱ्या तासाला ओढ्याकडच्या वळणावर गाडी घसरली आणि मी खरोखरच वेड्या बाभळीत शिरले. फांद्या हेल्मेटला घासल्या. मागे घेतली आणि निघाले. अकरा वाजता राघवेंद्रने हात वर केला. चारही चाकं उभी होती.

मग आम्ही चाकं खोलली. कापसाचा बोळा वैजनाथने फिरवला. तीन टायर स्वच्छ. मागच्या उजव्या टायरमध्ये तंतू अडकले. सगळे वाकून बघायला लागले. काटा टायर पार करून आत आला होता आणि ट्यूबच्या पट्टीत रुतून थांबला होता. खालची ट्यूब पाण्यात धरली, बुडबुडा नाही.

वैजनाथने तो चिमट्याने काढला आणि डबीत टाकायला गेला. मी थांबवलं. डबीवरची चिठ्ठी त्यानेच नखाने खरवडून काढली. काटा कापसाच्या तंतूंसह कागदाच्या पट्टीवर चिकटवून पाठवते आहे. वीरण्णांना दाखवा. तोडलेल्या फांदीचा नाही, हिरवट आहे, वेड्या बाभळीचा. हा मात्र चालवतानाच लागलेला, आणि खरोखर माझा. खाली मी लिहिलं आहे:

२९ डिसेंबर. मागचं उजवं चाक. चालक भार्गवी. ट्यूबपर्यंत पोचला नाही.

शर्यत पंचवीस जानेवारीला. शेवटचे दोन तास माझे. मामींना सांगा, दरवाजे अजून लावलेले नाहीत.

माया आहेच, ती घेऊनच गाडीत बसेन.

तुमची,
भार्गवी