लाल गाडीचा कौल

पोशीर, मंगळवार, १८ जानेवारी १९७२, दिवेलागण

कळंबच्या बंगल्यातले डॉक्टर कायमचे परदेशी चालले. त्यांची लाल, बिनटपाची, दोन माणसांची विलायती गाडी उद्या सकाळी मी घेतली नाही, तर भंगारवाला नेणार. अशा गाड्या आता बाहेरून येत नाहीत. वीस वर्षं जपली तर लोक शोधत येतील, असं मला मनापासून वाटतं. पण हाताशी आहेत ते पैसे विहिरीवर इंजिन बसवायचे.

दुपारी बायकोला सांगितलं.

"दोनच मानसं? मंग पोरं काय चाकावर बसतील?"

"बसायला नाय गं, ठेवायला."

"ठेवायला! आनि वांग्यांना पानी मी हंड्यानं घालू?" मग म्हणाली, "गावदेवीला कौल लावा. उजवं फूल पडलं तर घ्या."

गेलो. गुरवाने देवीला फुलं लावायला घेतली, आणि माझ्या तोंडून प्रश्नच निघेना. "राहू दे, नुसता पाया पडायला आलोय," म्हणालो.

जमीन, सोयरीक, बैलसुद्धा देवीला विचारून घेतले. मग गाडीचंच का नाही विचारलं? डावं पडलं असतं तरी घेतलीच असती, म्हणून?

घरी आलो तर दारातच बायकोने विचारलं, "कंचं पडलं?"

"उजवं."

देवीचं नाव घेऊन खोटं बोललो.

तिने हात जोडले, कंदील उचलला आणि ती गोठ्यात गेली. गाडीला जागा करायला पेंढा ओढते आहे. आवाज इथपर्यंत येतो. उठून सांगायला हवं. अजून उठलो नाही.